साडेचार की साडेपाच?

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. आज सकाळी घराबाहेर पडल्यावर रस्त्यात तुम्हाला सर्वांत आधी कोण दिसले? तेव्हा किती वाजले होते? आणि त्या व्यक्तीच्या अंगात कोणत्या रंगाचे कपडे होते?

लिहिलेत? आता स्वतःलाच विचारा, यांतले किती तुम्ही खरोखर पाहिले आणि किती अंदाजाने लिहिले? 'सात वाजले होते' असे तुम्ही लिहिले असेल, तर ते घड्याळात पाहून, की 'मी रोज सातला निघतो' म्हणून?

हे प्रश्न साधे वाटतात. पण अशाच प्रश्नांच्या उत्तरांवर एखाद्या माणसाचे आयुष्य अवलंबून राहू शकते. सन १८८८मध्ये लंडन शहरात नेमके तसेच घडले. ती हकीकत आज आपण पाहू. हे प्रकरण पोलिसांचे असले, तरी त्यातला प्रश्न आपल्या प्रयोगशाळेतला आहे. चार निरीक्षकांची चार निरीक्षणे एकमेकांशी जुळत नसतील, तर कोणाचे किती खरे मानायचे?

हॅनबरी स्ट्रीट, घर क्रमांक २९

लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपेल आणि स्पिटलफील्ड्स या दाट, गरीब वस्त्या होत्या. तेथे १८८८ सालच्या उन्हाळ्याअखेरीपासून काही स्त्रियांचे खून झाले. खुनी कधीच सापडला नाही. वर्तमानपत्रांतून त्याला एक टोपणनाव मिळाले आणि त्या नावावर पुढे शेकडो पुस्तके निघाली. आपल्याला त्या टोपणनावाशी काही कर्तव्य नाही. आपण फक्त एका सकाळचा विचार करणार आहोत. ती सकाळ म्हणजे शनिवार, ८ सप्टेंबर १८८८.

ॲनी चॅपमन ही सत्तेचाळीस वर्षांची विधवा बाई. प्रकृतीने खंगलेली, अर्धपोटी राहणारी. एका स्वस्त निवाऱ्यात ती रात्रीपुरती खाट भाड्याने घेत असे. त्या रात्री खाटेचे पैसे जवळ नव्हते, म्हणून पावणेदोनच्या सुमारास ती बाहेर पडली. सकाळी सहाच्या सुमारास हॅनबरी स्ट्रीटवरील २९ क्रमांकाच्या घराच्या परसात तिचा मृतदेह सापडला. या एका घरात सतरा माणसे राहत होती. रात्रभर कोणालाही काही ऐकू आले नव्हते.

इंग्लंडमध्ये असा संशयास्पद मृत्यू झाला की कॉरोनर नावाचा अधिकारी पंचांसमोर उघड चौकशी करतो. (आपल्या मुंबईतही हे पद १९९९ सालापर्यंत होते.) या प्रकरणात विन बॅक्स्टर हे कॉरोनर होते. त्यांच्यापुढे अनेकांच्या साक्षी झाल्या. त्यांतल्या चार साक्षी महत्त्वाच्या आहेत. त्या आपण एकेक करून पाहू.

चार साक्षी

पहिली साक्ष डॉक्टर जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांची. हे पोलिसांचे अनुभवी शल्यचिकित्सक. ते साडेसहा वाजता परसात पोहोचले. शरीर थंड पडले होते, फक्त आतल्या भागात थोडी ऊब उरली होती. अवयव ताठर होण्यास सुरुवात झाली होती. यावरून त्यांनी सांगितले की मृत्यू होऊन निदान दोन तास, आणि बहुधा त्याहूनही अधिक वेळ झाला असावा. म्हणजे मृत्यूची वेळ साडेचार किंवा त्याआधीची.

दुसरा साक्षीदार जॉन रिचर्डसन. त्याची आई त्या घराची मुख्य भाडेकरू होती आणि तेथेच खोकी बनवण्याचा धंदा चालवीत होती. पूर्वी एकदा तळघरातून हत्यारे चोरीला गेली होती. म्हणून बाजाराच्या दिवशी कामावर जाताना रिचर्डसन तळघराचे कुलूप पाहून जाई. त्या दिवशी पावणेपाच ते पाचला दहा कमी या वेळात तो आला. परसाचे दार उघडून तो पायरीवर बसला. बूट पायाला बोचत होता, त्याचे थोडे कातडे सुरीने कापले आणि तो निघून गेला. मृतदेह सापडला तो याच पायऱ्यांच्या डाव्या बाजूला, पायऱ्या आणि लाकडी कुंपण यांच्यामधल्या जागेत. बसलेल्या माणसाच्या हाताच्या अंतरावर. रिचर्डसनचे म्हणणे असे की मृतदेह तेथे असता, तर तो मला दिसल्यावाचून राहिलाच नसता.

तिसरा साक्षीदार ॲल्बर्ट कॅडॉश. हा शेजारच्या २७ क्रमांकाच्या घरात राहणारा सुतार. तो सव्वापाचच्या सुमारास उठून परसात गेला. परतताना त्याला 'नाही' असा एक शब्द ऐकू आला. आवाज कोणत्या बाजूने आला हे त्याला नक्की सांगता आले नाही. तीन-चार मिनिटांनी तो पुन्हा परसात आला, तेव्हा कुंपणावर काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. कुंपण सुमारे साडेपाच फूट उंच. त्याने पलीकडे डोकावून पाहिले नाही. पुढे कामावर जाताना स्पिटलफील्ड्सच्या चर्चवरील घड्याळात पाच वाजून बत्तीस मिनिटे झालेली त्याने पाहिली.

चौथ्या साक्षीदार एलिझाबेथ लाँग. या बाजाराकडे चालल्या होत्या. २९ क्रमांकाच्या घराजवळ एक स्त्री आणि एक पुरुष बोलत उभे असलेले त्यांनी पाहिले. पुरुषाची पाठ त्यांच्याकडे होती. स्त्रीचा चेहरा दिसला. त्याच वेळी जवळच्या मद्याच्या कारखान्याच्या घड्याळाने साडेपाचचे ठोके दिले, असे त्यांनी सांगितले. चार दिवसांनी त्यांना शवागारात नेले, तेव्हा 'हीच ती स्त्री' असे त्या म्हणाल्या.

आता या वेळा एका ओळीने मांडून पाहा.

४.३० किंवा त्याआधी : डॉक्टरांच्या मते मृत्यू.
४.४५ ते ४.५० : रिचर्डसनच्या मते परस रिकामे.
५.२० ते ५.३० च्या दरम्यान : कॅडॉशला आवाज ऐकू आले.
५.३० : लाँगबाईंच्या मते ॲनी चॅपमन रस्त्यावर जिवंत.
६.०० च्या सुमारास : मृतदेह सापडला.
६.३० : डॉक्टरांनी तपासणी केली.

सगळे खरे असणे शक्य नाही. कोणीतरी चुकले आहे. कोण?

मते मोजू नका

तुम्ही म्हणाल, 'त्यात काय अवघड आहे? तीन साक्षीदार एका बाजूला, एक डॉक्टर दुसऱ्या बाजूला. तीन विरुद्ध एक!' तुमच्यातलाच दुसरा कोणी म्हणेल, 'छे! डॉक्टर शिकलेला माणूस. बाकीचे हमाल, सुतार आणि बाजारकरी. डॉक्टरांचेच खरे.'

दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. पहिल्या उत्तरात आपण मते मोजली, दुसऱ्यात पदवी पाहिली. विज्ञानात या दोन्हींचा उपयोग नाही. प्रयोगशाळेत चार विद्यार्थ्यांनी एकाच लोलकाचा आवर्तनकाल मोजला आणि उत्तरे वेगवेगळी आली, तर आम्ही शिक्षक बहुमत घेत नाही. आम्ही प्रत्येकाला तीन प्रश्न विचारतो. तू प्रत्यक्ष काय मोजलेस? कशाने मोजलेस? आणि त्यात किती चूक असू शकते? हेच तीन प्रश्न आता आपण आपल्या साक्षीदारांना विचारू.

चहा बशीत का ओततात?

प्रथम डॉक्टर. त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिले? मृत्यूची वेळ? नाही. त्यांनी पाहिला शरीराचा थंडपणा. वेळ हे त्यावरून काढलेले अनुमान आहे. निरीक्षण आणि अनुमान यांतला हा फरक पक्का लक्षात ठेवा.

पदार्थ कसा निवतो, याचा नियम न्यूटनने सांगितला आहे. पदार्थ आणि सभोवतालची हवा यांच्या तापमानांतील फरक जितका जास्त, तितका निवण्याचा वेग जास्त. पण वेग केवळ या फरकावर अवलंबून नसतो. घाईत असलेला माणूस चहा बशीत ओतून पितो, कारण बशीत चहाचा पृष्ठभाग वाढतो आणि तो लवकर निवतो. चहा तोच, हवा तीच, पण कपातल्या चहाचा वेग वेगळा आणि बशीतल्या चहाचा वेगळा. आता मी तुमच्यापुढे थंडगार चहा ठेवला आणि विचारले, 'हा किती वेळापूर्वी केला?' तर तो आधी कपात होता की बशीत, हे कळल्याशिवाय तुम्ही उत्तर देऊ शकाल का?

न्यूटनच्या नियमातून आणखी एक गोष्ट निघते. सुरुवातीचे आणि शेवटचे तापमान ठरलेले असेल, तर लागलेला वेळ हा निवण्याच्या स्थिरांकाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे आपण धरलेल्या स्थिरांकाच्या दुप्पट स्थिरांक खरा असेल, तर आपल्याला 'दोन तास' वाटलेला काळ प्रत्यक्षात एकच तास असतो. मानवी शरीर चहाच्या कपाइतके साधे नाही. मृत्यूनंतर पहिला काही काळ शरीराच्या अंतर्भागाचे तापमान फारसे उतरतच नाही. तरी एवढे खरे की वेगाच्या अंदाजातली चूक जशीच्या तशी वेळेच्या अंदाजात उतरते.

पहाट गार होती. रक्त पुष्कळ गेले होते. या गोष्टींमुळे शरीर लवकर थंड झाले असावे, हे स्वतः डॉक्टर फिलिप्स यांनीच साक्षीत सांगितले. हा त्यांचा प्रामाणिकपणा आपण नोंदवला पाहिजे. आपल्या उत्तराबरोबर त्या उत्तरातली शंकाही त्यांनी सांगितली.

शिवाय त्यांच्या साक्षीत तापमापकावरचा एकही आकडा नाही. थंडपणा हाताला जाणवलेला आहे. हात हा तापमापक म्हणून कितपत विश्वासार्ह आहे? सकाळी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा आणि मग लाकडी चौकटीला. गज अधिक थंड लागतो. दोन्ही रात्रभर एकाच हवेत होते, दोन्हींचे तापमान जवळजवळ सारखेच आहे. पण लोखंड हातातली उष्णता भराभर ओढून घेते. हाताला तापमान कळत नाही, उष्णता किती वेगाने निघून जाते ते कळते.

आता दुसरी बाजूही पाहू, नाहीतर डॉक्टरांवर अन्याय होईल. मृत्यूनंतर स्नायू ताठर होण्याची क्रिया साधारणपणे दोन ते चार तासांनी जाणवू लागते आणि थंडीत ती मंदावते. साडेसहाला ती सुरू झालेली होती. हे निरीक्षण डॉक्टरांच्या बाजूचे आहे. परंतु हा काळही माणसागणिक बदलतो. मृत्यूपूर्वी धडपड झाली असेल, तर तो बराच कमी होतो.

आज काय स्थिती आहे? आज शरीराच्या आतले तापमान तापमापकाने घेतात. हवेचे तापमान, शरीराचे वजन आणि कपडे यांचा हिशेब करतात. इतके करूनही उत्तर सुमारे पावणेतीन तास अलीकडे किंवा पलीकडे असू शकते, असे मानले जाते. मग १८८८ साली, नुसत्या हाताच्या स्पर्शाने काढलेल्या उत्तराला अर्ध्या-एक तासाच्या वादात निर्णायक कसे मानायचे?

उजेड किती होता?

आता रिचर्डसन. त्याचे निरीक्षण 'मला मृतदेह दिसला नाही' असे आहे. दिसले नाही याचे दोन अर्थ होतात. एक, वस्तू तेथे नव्हती. दोन, वस्तू होती पण दिसली नाही. म्हणून आपण विचारले पाहिजे की तेव्हा उजेड होता का?

याचे उत्तर देण्यासाठी त्या दिवशी कोणी लंडनमध्ये असायला नको. सूर्य आणि पृथ्वी यांच्या गती ठाऊक आहेत, तेव्हा गणित करून पाहता येते. लंडनचे अक्षांश साडेएक्कावन्न अंश उत्तर. ८ सप्टेंबरला तेथे सूर्योदय सुमारे ५ वाजून २४ मिनिटांनी होतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर आला की आभाळ स्वच्छ असल्यास जवळच्या वस्तू दिव्याशिवाय ओळखू येऊ लागतात. ती वेळ सुमारे ४ वाजून ५० मिनिटे. रिचर्डसन अगदी या सीमेवर आला होता. परस भिंतींनी आणि कुंपणाने वेढलेले होते. तरीही हातभर अंतरावरची मोठी वस्तू दिसण्यासाठी फारसा उजेड लागत नाही. तो खरोखर पायरीवर बसला असेल, तर त्याचे म्हणणे बळकट आहे.

पण तो खरोखर बसला होता का? येथे एक अडचण आहे. इन्स्पेक्टर जोसेफ चँडलर यांनी साक्षीत सांगितले, 'त्या सकाळी रिचर्डसन मला भेटला, तेव्हा बुटाचे कातडे कापल्याचे तो काहीच बोलला नव्हता. तो पायऱ्या उतरल्याचेही म्हणाला नव्हता.' परसाचे दार डावीकडे, म्हणजे मृतदेह सापडला त्याच बाजूला उघडत असे. नुसते दार ढकलून कोणी कुलपाकडे पाहिले, तर उघडलेल्या दाराआड ती जागा झाकली जाऊ शकत होती. शिवाय कॉरोनरने सुरी आणायला सांगितल्यावर रिचर्डसन म्हणाला की या सुरीला नीट धार नव्हती, म्हणून बाजारात दुसरी मागून घेतली. पोलिसांनी त्याचीही कसून तपासणी केली, पण त्याच्याविरुद्ध काही आढळले नाही.

याचा अर्थ तो खोटे बोलला असा होतो का? नाही. घाबरलेला माणूस पहिल्या भेटीत सगळे सांगत नाही. पण त्याची हकीकत दोन वेळा दोन प्रकारे नोंदली गेली, हेही विसरता येत नाही. प्रयोगाच्या वहीत खाडाखोड असली की शिक्षक ते पान अधिक बारकाईने पाहतात, तसेच हे.

कोणाचे घड्याळ?

कॅडॉशची साक्ष मला विशेष आवडते. कारण त्याला जे माहीत नव्हते, ते त्याने माहीत असल्याचे दाखवले नाही. 'नाही' हा शब्द कोठून आला ते ठाऊक नाही म्हणाला. कुंपणावरून का डोकावला नाहीस असे विचारल्यावर त्याने सांगितले की शेजारी खोकी बनवतात, कुंपणावर असे आवाज अधूनमधून होतात आणि आपण कामाच्या विचारात होतो. आपण हे मान्य करू शकतो की त्याने एक शब्द आणि एक आवाज ऐकला. तो आवाज कशाचा होता, हे मात्र त्याच्या साक्षीतून सिद्ध होत नाही.

लाँगबाईंची साक्ष सर्वांत नाट्यपूर्ण. त्यांनी चेहरा पाहिला. पण कॉरोनरने विचारले, 'इतक्या सकाळी दोघे उभे असलेले पाहून नवल नाही वाटले?' तर त्या म्हणाल्या की सकाळच्या वेळी तेथे अशी माणसे पुष्कळदा उभी असतात. म्हणजे लक्ष देऊन पाहण्याचे काही कारणच नव्हते. ओळख नसलेला, चालता चालता पाहिलेला चेहरा त्यांनी चार दिवसांनी ओळखला, तोही खुनाची बातमी सगळीकडे पसरल्यावर. तुमचा मघाचा कागद आठवा. सकाळी सहज दिसलेल्या माणसाच्या कपड्यांचा रंग तुम्हाला संध्याकाळी तरी खात्रीने सांगता येतो का?

आणखी एक गोष्ट. लाँगबाई साडेपाचला ॲनीला रस्त्यावर पाहतात, तर कॅडॉशला परसातला आवाज त्याच्या थोडा आधीच ऐकू येतो. म्हणजे डॉक्टरांच्या विरुद्ध असलेले हे दोघे साक्षीदार एकमेकांशीही दहा-पंधरा मिनिटांनी जुळत नाहीत! येथे घड्याळांचा प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये ग्रिनिचची वेळ १८८०मध्ये कायद्याने सर्वत्र लागू झाली. पण कायदा झाला म्हणून चर्चचे घड्याळ आणि कारखान्याचे घड्याळ मिनिटाला मिनिट जुळते असे नाही. कॅडॉशने चर्चचे घड्याळ पाहिले. ज्याला मृतदेह सापडला, त्या जॉन डेव्हिसनेही त्याच चर्चच्या घड्याळाचे पावणेसहाचे ठोके ऐकले होते. म्हणून त्या दोघांच्या वेळांमधले अंतर भरवशाचे आहे, कारण उपकरण एकच. लाँगबाईंचे उपकरण वेगळे होते.

कॉरोनर बॅक्स्टर यांनी समारोपात म्हटले की कॅडॉशच्या वेळेत पाव तासाची चूक मानली, तर विसंगती उरत नाही. हे शक्य आहे. पण सावध राहा! उत्तर जुळावे म्हणून निरीक्षणाचा आकडा सरकवणे फार सोपे असते. आमच्या प्रयोगशाळेतही विद्यार्थी शेवटचा आकडा हळूच बदलतात आणि आलेख सुरेख सरळ रेषेत येतो. आकडा बदलण्यासाठी स्वतंत्र कारण हवे. 'नाहीतर जुळत नाही' हे कारण नव्हे.

मग तात्पर्य काय?

आता पुन्हा त्या वेळांच्या ओळीकडे पाहा. एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. डॉक्टर म्हणतात, साडेचार किंवा आधी. रिचर्डसन म्हणतो, पाचला दहा कमी या वेळेनंतर. या दोघांतला कमीत कमी फरक फक्त वीस मिनिटांचा आहे. स्पर्शावरून काढलेल्या वेळेत वीस मिनिटांची चूक ही काही मोठी चूक नव्हे. लाँगबाईंचे खरे मानायचे तर मात्र डॉक्टरांना एक तास चुकवावे लागते. तेव्हा 'डॉक्टर खरे की साक्षीदार खरे' हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. प्रत्येक साक्ष दुसरीच्या किती विरुद्ध आहे, हे वेगवेगळे मोजले पाहिजे.

कोणी आणखी एक युक्तिवाद करील. डॉक्टर बरोबर असतील, तर तीनही साक्षीदार चुकले पाहिजेत. केवळ उदाहरणासाठी प्रत्येकाच्या चुकण्याची शक्यता एकचतुर्थांश धरू. तिघेही चुकण्याची शक्यता १/४ × १/४ × १/४, म्हणजे १/६४. फारच थोडी! हा हिशेब बरोबर आहे, पण दोन अटींवर. पहिली, तिन्ही साक्षी एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. दुसरी अट सहसा लक्षात येत नाही. खुनानंतर पोलीस शोधतात ते ज्यांनी काही पाहिले-ऐकले त्यांना. ज्यांना काहीच दिसले नाही, ते साक्षीला उभे राहत नाहीत. हजारो लोकांच्या वस्तीत, बाजाराच्या दिवशी, कोणाला तरी कोठे तरी एक जोडपे दिसणारच. म्हणून १/६४ हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही.

तेव्हाच्या जाणत्या माणसांचेही एकमत झाले नाही. कॉरोनर बॅक्स्टर साक्षीदारांच्या बाजूने झुकले. चीफ इन्स्पेक्टर डोनाल्ड स्वॉन्सन यांनी १९ ऑक्टोबर १८८८च्या अहवालात लिहिले की डॉक्टरांची वेळ खरी असेल, तर लाँगबाईंच्या साक्षीकडे संशयानेच पाहावे लागेल. पंचांनी २६ सप्टेंबरलाच निकाल दिला होता : अज्ञात व्यक्तीकडून खून.

माझे मत विचाराल, तर मी एवढेच म्हणेन की मृत्यू पाचच्या आधी झाला असे ठासून सांगण्याइतका डॉक्टरांचा पुरावा बळकट नाही. आणि साडेपाचला झाला असे ठासून सांगण्याइतका लाँगबाईंचाही नाही. पाच ते पावणेसहा हा काळ मला अधिक संभवनीय वाटतो, कारण रिचर्डसन आणि कॅडॉश यांची निरीक्षणे एकमेकांना न छेदता तेथे बसतात. पण 'अधिक संभवनीय' म्हणजे 'सिद्ध' नव्हे.

एका तासाची किंमत

'इतक्या वर्षांनी एका तासाचा काथ्याकूट कशाला?' असे तुम्हाला वाटेल. त्याचे उत्तर जॉन पायझर या माणसाच्या हकीकतीत आहे.

त्या दिवसांत वस्तीत 'चामड्याचा एप्रन घालणारा' कोणी एक क्रूर मनुष्य हे सगळे करतो, अशी अफवा होती. परसात नळाजवळ चामड्याचा एक एप्रन सापडला आणि अफवेला पंख फुटले. प्रत्यक्षात तो रिचर्डसनचाच होता. त्याच्या आईने तो धुऊन ठेवला होता. पण संशय आला पायझर या बूट बनवणाऱ्या ज्यू कारागिरावर. जमावाच्या भीतीने त्याच्या घरच्यांनी त्याला चार दिवस घरात लपवून ठेवले. १० सप्टेंबरला पोलिसांनी त्याला धरले. रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून एका साक्षीदाराने त्याला बेधडक ओळखलेही! पुढे त्या साक्षीदाराच्या बोलण्यावरून पोलिसांचाच विश्वास उडाला.

पायझर कसा सुटला? तो घराबाहेर पडला नव्हता, हे घरच्यांनी सांगितले. आधीच्या एका खुनाच्या रात्री तो दूरच्या भागात होता. गोदीला लागलेल्या आगीचा उजेड आकाशात दिसत असताना त्याबद्दल तो एका पोलीस शिपायाशी बोलला होता, आणि त्याची खातरजमा झाली. म्हणजे कोणी तरी 'तू अमुक वेळी कोठे होतास?' हे नीट विचारले आणि उत्तर पडताळून पाहिले, म्हणून एक निरपराध मनुष्य वाचला.

आता विचार करा. ज्याच्यापाशी 'पहाटे पाचपासून मी बाजारात होतो' एवढाच पुरावा आहे, अशा माणसाचे काय? मृत्यू साडेपाचला धरला, तर तो निर्दोष. साडेचारला धरला, तर तोच संशयित. एका तासाची किंमत ही आहे. म्हणूनच पुराव्यात जेवढी खात्री आहे तेवढीच सांगावी, त्याहून कणभरही अधिक सांगू नये.

करून पाहा

एक प्रयोग देतो. वर्गात एखाद्या मित्राला आधी सांगून ठेवा. तास चालू असताना शिक्षकांच्या परवानगीने त्याने आत यावे, टेबलावर एखादी वस्तू ठेवावी, दोन शब्द बोलावे आणि निघून जावे. त्याची वेळ तुम्ही घड्याळात पाहून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाला, एकमेकांशी न बोलता, कागदावर लिहायला सांगा : किती वाजले होते? तो काय बोलला? कोणत्या हातात काय होते? मग निम्म्या मुलांना आपसात चर्चा करू द्या आणि त्यांच्याकडून पुन्हा लिहून घ्या. चर्चेनंतरची उत्तरे एकमेकांशी अधिक जुळतील. पण ती खऱ्याच्याही अधिक जवळ जातात का, ते तपासा.

आणि या लेखाच्या आरंभी तुम्ही लिहिलेला कागद फेकू नका. त्यावरच्या प्रत्येक उत्तरापुढे 'पाहिले', 'ऐकले' किंवा 'अंदाज' यांपैकी एक शब्द लिहा.